दगडावरची ओळ

अनंता गुरुजींनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि दगडावर खडूने लिहिलेली शेवटची ओळ पुसून टाकली. वरच्या दोन ओळींना त्यांनी हात लावला नाही. त्यांत त्यांच्या मुलाचं, विनेशचं नाव होतं, जन्माचं साल होतं आणि गेल्याचं साल होतं. शेवटची ओळ मात्र त्यांनी फळा पुसावा तशी, डावीकडून उजवीकडे, सावकाश पुसली. काळ्या दगडावर पांढुरकं पाणी पसरलं आणि कडेवरून धक्क्याच्या सिमेंटवर ठिबकू लागलं.

माणगावहून टेम्पोतून आलेला तो दगड जुन्या टायरांवर आडवा ठेवला होता. कोरणारा कारागीर शेजारी उकिडवा बसून मशीनच्या वायरचा गुंता सोडवत होता. त्याने पुसलेल्या जागेकडे पाहिलं, मग सरपंचाकडे पाहिलं.

सरपंच अल्पेश बदामाच्या झाडाखाली फोनवर बोलत होता. वादळात ते झाड अर्धं मोडलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याची सावली आता फक्त एका बाजूला पडे. अल्पेशने फोन बंद केला आणि लगबगीने आला. एकेकाळी तो गुरुजींच्या वर्गात होता, विनेशच्या बाकावर. आता त्याचे स्वतःचे ट्रक होते आणि गावाने त्याला निवडून दिलं होतं. तरी गुरुजींसमोर आला की हात आपोआप मागे बांधले जात.

"गुरुजी, हे काय केलंत?"

"चुकीचं होतं ते."

"शुद्धलेखन ना? मला वाटलंच. तुम्ही सांगा, तसं करू."

"शुद्धलेखनही चुकलंय. पण त्यासाठी नाही पुसलं."

ओळ अशी होती: 'शत्रूशी झुंजताना धारातिर्थी पडले.'

"विनेश कुणाशी झुंजत नव्हता," गुरुजी म्हणाले. "ट्रक चालवत होता. डोंगरातला रस्ता खचला आणि गाडी दरीत गेली. तुला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय ना. पन फौजेतच होता ना? बॉर्डरवरच होता ना? दगडावर कोन असं लिहितो, की ट्रक दरीत गेला?"

"मग काहीच लिहू नका. नाव पुरे."

"सव्वीस जानेवारीला आमदार येनार हायेत, गुरुजी. नुसतं नाव बरं दिसंल का?"

गुरुजींनी रुमाल पिळला. "धारातीर्थ म्हणजे काय, आठवतं?"

अल्पेशच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. "तलवारीची धार. धार पान्याचीपन असते, म्हनून तिला तीर्थ म्हनायचे. त्या तीर्थात देह पडला की पुन्य लागतं."

"बरोबर. मग तलवार कुठे होती?"

"मंग मोर्चा म्हंजे काय, तेपन तुम्हीच शिकवलंत," अल्पेश म्हणाला. आवाज नम्रच होता. "तोफा लावायला आडोसा बांधायचे, तो मोर्चा. आता आपन तहसीलवर मोर्चा नेतो. तवा कोन विचारतं का, तोफ कुठं हाय म्हनून? शब्द आपली जागा सोडतो, असं तुम्हीच म्हनायचात."

कारागिराने मान खाली घातली; तो हसला की काय ते कळलं नाही. गुरुजींनी ओल्या रुमालाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"'देशाच्या कामी आला' असं लिही," ते म्हणाले. "जुन्या बखरींत लढाईत माणूस पडला की 'कामास आला' म्हणत. म्हणजे शब्द लढाईचाच आहे. आणि आजच्या अर्थानेही खोटा नाही. रसद पोचवत होता तो. कुणाच्या तरी कामीच येत होता."

अल्पेशने ती ओळ मनात म्हणून पाहिली असावी. मग त्याने मान हलवली.

"हलकं वाटतं, गुरुजी. घरात हरकाम्या असतो ना, तसं वाटतं."

ते गुरुजींना लागलं. अल्पेशलाही ते बोलून झाल्यावर कळलं. तो घाईने म्हणाला, "असं करू. राहीवहिनींना विचारू. पंचायतीला त्यांची संमती तशीपन लागंल. त्या म्हनतील तसं."

"विचारू की," गुरुजी म्हणाले. "ती माझंच म्हणणं धरेल."

*

घरी जाताना ते कोळीवाड्यातून गेले नाहीत, खाडीच्या बांधावरून गेले. वाड्यातून गेलं की ओट्याओट्यावरून लोक विचारत, आणि दगड आल्यापासून विचारणं वाढलं होतं. ओहोटी लागली होती. चिखलात बगळे एकेकटे उभे होते.

शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास ते पुस्तक बंद करून घेत. मुलं त्याला 'लढाईचा तास' म्हणत. रोजच्या बोलण्यातल्या शब्दांच्या पोटात कुठली जुनी लढाई दडून बसली आहे, ते गुरुजी उघडून दाखवत. गनीम हा शब्द लुटीवरून आला. लूट घेऊन जाणारा तो गनीम. हातघाई म्हणजे गडबड नव्हे, अंगाला अंग भिडवून केलेली मारामारी. विडा उचलणे समजावून सांगायला तर त्यांनी दिवेआगरच्या वाडीतून पानं आणि सुपाऱ्या आणून खरोखरचा विडा बांधला होता, तो पितळी ताटलीत टेबलावर ठेवला होता, आणि दरबारात उभं राहिल्यासारखा आवाज काढून म्हणाले होते, की कामगिरी अवघड आहे, जो पत्करील त्याने पुढे येऊन विडा उचलावा. वर्गात कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरून विनेश उठला, चालत आला, विडा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. कामगिरी काय आहे, हे त्याने विचारलंही नाही.

वर्ग हसून लोटपोट झाला. गुरुजी हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बायकोला, शकूला, ते तक्रारीच्या सुरात सांगितलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिली होती. विनेश फौजेत भरती झाला तेव्हा शकू नव्हती. तो गेला तेव्हाही नव्हती. हे बरं झालं की वाईट, याचा निर्णय गुरुजींना अजून करता आला नव्हता.

विनेशला शब्दांची गोडी नव्हतीच. त्याला इंजिनं कळत. बोटीचं मशीन बंद पडलं की नाखवे गुरुजींच्या दारात येत आणि गुरुजींना नाही, विनेशला हाक मारत. फौजेतून फोन आला की बोलणं थोडक्यात आटपे. बरं हाय बाबा. जेवलो. तुम्ही जेवलात का? त्यापुढे दोघांनाही काय बोलावं सुचत नसे. गुरुजी मग हवापाण्याचं विचारत. एकदाच तो थोडं जास्त बोलला होता. "हितं शत्रूबित्रू काय दिसत न्हाय, बाबा," तो म्हणाला होता. "नुसता रस्ता दिसतो."

गुरुजींनी कुलूप काढलं. आत उजेड कमी होता. दिवा लावण्याआधी ते थोडा वेळ खुर्चीत तसेच बसून राहिले.

शेजारची मनुबाई परसदारानेच आत आली. तिच्या हातात वाटीत सुकटीचं कालवण होतं. शकू गेल्यापासून तिचा हा परिपाठ होता. वाटी ठेवायची, दोन शब्द बोलायचे आणि जायचं. आज ती उभी राहिली.

"अनंता, पोराचं नाव पुसलंस म्हनं?"

"नाव नाही पुसलं."

"धक्क्यावर सगली तसंच बोलतान."

"एक ओळ होती खोटी. ती पुसली."

मनुबाईने वाटीवरची ताटली सारखी केली. "गरम हाय तवर खा," ती म्हणाली आणि गेली.

जेवण झाल्यावर त्यांनी मुरूडला सुनेला, राहीला फोन लावला. विनेश गेल्यावर राही वर्षभर या घरात राहिली होती. मग तिला मुरूडच्या पतसंस्थेत नोकरी लागली आणि ती माहेरी गेली. आधी ती दर आठवड्याला येई, मग महिन्याने, मग सणावाराला. गुरुजींनी तिला दगडाचं सगळं सांगितलं. फोनवर त्यांना नेहमीपेक्षा जास्त बोलता आलं; मुद्दा होता म्हणून असेल.

राहीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी येते, बाबा. मलापण बोलायचंच होतं."

फोन ठेवल्यावर त्यांना तिच्या बोलण्यातला तो 'च' ऐकू येत राहिला. शब्दांवर बोट ठेवण्याची त्यांना जन्माची सवय होती. पण या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं नाही.

*

रविवारी ते रिक्षा करून दिघीला गेले. आगरदांड्याहून येणारी फेरीबोट खाडीच्या मध्यावर दिसत होती. फळी खाली पडली, आधी मोटारसायकली उतरल्या, मग पर्यटकांच्या गाड्या, आणि शेवटी पायी माणसं. राही सर्वांत मागे होती. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि त्यांच्या पाया पडली.

"वाळलात, बाबा."

"उन्हात काळा पडलोय. दगडापाशी उभा असतो ना."

ती हसली नाही. रिक्षात दोघं आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे पाहत राहिली.

दगडावरच्या वरच्या दोन ओळी आता कोरून झाल्या होत्या. कारागीर सुट्टीवर होता आणि दगडावर गोणपाट टाकलं होतं. गुरुजींनी ते दूर केलं. राही खाली बसली. विनेशच्या नावातल्या 'श'च्या खोबणीत दगडाची भुकटी साचली होती, ती तिने करंगळीने काढली.

"अल्पेशभाऊंची ओळ काय होती?"

गुरुजींनी ती म्हणून दाखवली. दुसऱ्याची चूक वाचून दाखवताना लागतो तसा त्यांचा आवाज लागला. मग त्यांनी स्वतःची ओळ सांगितली. बखरींचं सांगितलं. कामास येणे या शब्दांचा तेव्हाचा अर्थ सांगितला, आताचा सांगितला. राही ऐकत होती. तिने एकदाही मान वर केली नाही, तेव्हा ते थांबले.

"बाबा," ती म्हणाली, "ती पहिलीच राहू दे."

"पहिली?"

"अल्पेशभाऊंची."

"पण ती खरी नाही, राही."

"मला ठाऊक हाय."

"लोकांचा विचार करतेस का? लोक विचारतात, लढाईत का, म्हणून?"

"विचारतात. आपण न्हाय म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. पण त्याच्यासाठी न्हाय."

ती उठून धक्क्याच्या कडेला, होड्या बांधायच्या लोखंडी खुंटावर जाऊन बसली. भरती येत होती. खाली दोन होड्या एकमेकींना घासत होत्या आणि त्यांच्या टायरांचा चरचर आवाज येत होता.

"मुरूडला एक जण हाय," ती म्हणाली. "सुजित. मोटर वायंडिंगचं दुकान हाय त्याचं. पतसंस्थेत येतो. घरच्यांनी विचारलं तवा मी हो म्हटलं. मार्चमध्ये करायचं म्हणतात."

गुरुजी दगडापाशीच उभे होते. त्यांनी गोणपाटाचं एक टोक उचललं आणि हातात धरून ठेवलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो तुला, की लग्न कर."

"पहिल्या वर्षी म्हणाला होतात." राहीने पाण्याकडे पाहत सांगितलं. "नंतर कधी म्हणाला न्हाय."

त्यांनी गोणपाटाचं टोक खाली सोडलं. मग त्यांनी विचारलं, "या ओळीचा त्याच्याशी काय संबंध?"

"तुम्ही म्हणता ती ओळ घातली ना, बाबा, तर ते आपलेच राहतील. तुमचे आन् माझे. म्हणजे जे झालं ते ठाऊक असलेल्या माणसांचे." ती थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आन् मी गेले की मंग एकट्या तुमचे. ती दुसरी ओळ घातली तर ते गावाचे होतील. दर सव्वीस जानेवारीला शाळेतली पोरं येतील, हार घालतील, नाव घेतील. कुणी ना कुणी हाय त्यांच्यापाशी, असं मला वाटंल. मंग मला जाता येईल."

एक होडी आत येत होती. तिच्यावरच्या माणसाने गुरुजींना पाहून हात वर केला. गुरुजींनीही केला. मग त्यांनी वाकून गोणपाट दगडावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर एकेक विटेचा तुकडा ठेवला, आणि सारखं झालंय की नाही ते पाहत बराच वेळ वाकूनच राहिले.

"जेवायला चल," ते म्हणाले. "कोळंबी आणलीय. मला नीट जमत नाही, तूच कर."

कालवणात मीठ कमी पडलं होतं. दोघांनी आपापल्या पानात वरून घेतलं. निघताना तिने आतल्या खोलीचं दार उघडलं, उंबऱ्यातूनच आत पाहिलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. खोली झाडलेली होती. पलंगावर चादर होती. गुरुजी दर आठवड्याला ती बदलत असत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर गेले तेव्हा कारागीर चहा पीत होता. अल्पेशही आला. त्याने गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"खडू दे," गुरुजी म्हणाले.

कारागिराने खिशातून तुकडा काढून दिला. गुरुजींनी आधी रुमालाने दगड कोरडा केला. मग गुडघे टेकून, फळ्यावर लिहीत तशी, शिरोरेघ आधी न ओढता, एकेक अक्षर सुटं आणि सारख्या उंचीचं लिहीत गेले. शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडले. 'ती'ची वेलांटी त्यांनी दीर्घ काढली, खालपर्यंत उतरवली. मग सगळ्या शब्दांवर रेघा दिल्या.

"अक्षर बगा कसं हाय," कारागीर म्हणाला. "साहेब, मी आता छापील कागद लावत न्हाय. असंच कोरतो. ह्याच्यावरनंच."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कोर," ते म्हणाले.

अल्पेशने त्यांना उठायला हात दिला. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मशीन सुरू झालं. पहिल्या 'श'वर पातं टेकलं आणि काळ्या दगडातून पांढरी धूळ उडाली. ओळ पुरी होईपर्यंत गुरुजी तिथेच उभे राहिले. त्यांचं धोतर, चष्मा, भुवया सगळं पांढरं झालं. कारागिराने मधे मशीन थांबवून बाजूला व्हायला सांगितलं, तरी ते झाले नाहीत.

*

सव्वीस जानेवारीला आमदार उशिरा आले. शाळेची मुलं उन्हात ताटकळली होती. दगड आता चौथऱ्यावर उभा होता आणि त्याला झेंडूच्या माळा होत्या. राही गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन. तिला ताम्हण दिलं, तिने ओवाळलं.

भाषणं झाली. पहिल्या वक्त्याने विनेश सीमेवर होता एवढंच म्हटलं. दुसऱ्याने त्याला गोळीबारात नेलं. तिसऱ्याच्या भाषणात तो एकटा राहिला होता आणि शत्रू चहूकडून होता. लोक टाळ्या वाजवत होते. मनुबाई पुढच्या ओळीत बसून डोळे पुसत होती, आणि तिने विनेशला लहानपणापासून पाहिलं होतं, त्याच्या अंगाचं ग्रीस आपल्या मोरीत धुतलं होतं. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना राग आला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

मग अल्पेशने त्यांना बोलायला सांगितलं. ते माइकसमोर उभे राहिले. जन्मभर त्यांनी उभं राहून बोलण्याचंच काम केलं होतं. समोरची मुलं त्यांच्याकडे पाहत होती. त्यांतल्या एकालाही त्यांनी शिकवलं नव्हतं.

"सगळे आलात," ते म्हणाले. "असेच येत जा."

आणि खाली येऊन बसले.

दुपारी राही निघाली. दिघीपर्यंत सोडायला ते तिच्याबरोबर गेले. फेरीबोट लागलेलीच होती. तिने वाकून नमस्कार केला आणि ती सरळ झाली. ती फळीवरून वर चढली. मागे वळून पाहते तर गुरुजीही चढत होते.

"बाबा, तुम्ही कुठं?"

"पलीकडे."

बोट सुटली. वारा इतका होता की बोलणं शक्य नव्हतं, आणि दोघांनाही ते बरं वाटलं असावं. गुरुजी कठड्याला धरून उभे होते. राहीने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि कमरेला खोचला. कुणा पर्यटकाची मुलं मागे उडणाऱ्या पाखरांना कुरकुरे टाकत होती. दिघीच्या बाजूची माणसं लहान होत गेली. मग ती ओळखू येईनाशी झाली.

आगरदांड्याच्या धक्क्यावर एक तरुण मोटारसायकलला टेकून उभा होता. तो राहीला पाहून पुढे आला, मग तिच्यामागे गुरुजी दिसले तसा जागीच थांबला. शर्टाच्या खिशात टेस्टर होता. तो त्याने उगाचच काढला आणि पुन्हा ठेवला.

"हा सुजित," राही म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

सुजित पाया पडायला वाकला. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाला तांब्याच्या तारेवरच्या वार्निशचा जळका वास येत होता.

"चहा घेऊ," गुरुजी म्हणाले. "माझी बोट सुटायला वेळ आहे ना?"

"हाय, हाय," सुजित म्हणाला. "गाड्या भरेपर्यंत."

राही चहा सांगायला टपरीकडे गेली. ती जरा जास्तच भराभर गेली. दोघं पिंपळाखालच्या बाकापाशी आले. गुरुजी बसले, सुजित उभाच राहिला. फेरीबोटीवर गाड्या चढत होत्या. फळीवरून चाक गेलं की मोठा आवाज होत होता आणि प्रत्येक आवाजाला सुजित तिकडे पाहत होता.

"काका, एक विचारू का?"

"विचार."

"राग येईल."

"नाही येणार."

"इकडं सगळे म्हणतात, ते लढाईत गेले. गोळी लागून. आज भाषणंपण तशीच झाली असतील." त्याने मान खाली घातली होती. "राहीला मी कधी विचारलं न्हाय. ती आपणहून सांगायला लागते, आन् अर्ध्यात थांबते. मला वाटतं, तिच्याबरोबर राहायचं तर मला ठाऊक पाहिजे. म्हणजे ती कुठं थांबते ते तरी कळंल. पण तुम्हाला सांगायचं नसलं तर नको."

गुरुजींनी टपरीकडे पाहिलं. राही पाठमोरी उभी होती. चहावाला कपात चहा ओतत होता आणि ती त्याला काहीतरी सांगत होती, बहुधा एकात साखर कमी घाल म्हणून.

फेरीबोटीने भोंगा दिला. पलीकडे जाणारी माणसं पिशव्या सावरत धावली. सुजितही वळला, गुरुजींना उठायला हात द्यावा म्हणून पुढे झाला. गुरुजी उठले नाहीत. ते बाकावर थोडे सरकले आणि बाजूची जागा त्यांनी तळहाताने झाडली.

"बस," ते म्हणाले. "विनेशच्या गाडीत पिठाची पोती होती. गव्हाच्या पिठाची."